मेणबत्ती, मूळपेशी आणि आपला वर्ग

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या धुळे येथील स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात झालेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून थोडे नीट केले आहे.)



सकाळी चहाच्या वेळी आपल्यातल्याच एकाने मला विचारलं, "तू पुनामा नेमकं काय करस वं?" मी म्हटलं, पेशी वाढवते. तो म्हणाला, "आम्ही कपाशी वाढावतस, तू पेशी वाढाव!" सगळे हसले. पण मला ते उत्तर आवडलं. कारण काम खरंच शेतीसारखं आहे. बियाणं, खत, पाणी, तापमान, रोगराई, आणि शेवटी हाती काय लागेल याची धाकधूक. फरक एवढाच की माझं शेत तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या डब्यात असतं.

संयोजकांनी सांगितलं, अर्धा तास बोल, पण कळेल असं बोल. म्हणून मी एकच गोष्ट घेतली आहे. प्रयोगशाळेत मूळपेशी, म्हणजे ज्याला पेपरात स्टेम सेल म्हणतात, त्या वाढवताना ऑक्सिजन किती द्यायचा? प्रश्न लहान आहे. पण तो चुकीचा सोडवून आम्ही लोकांनी कित्येक दशकं काढली. आणि त्याचा एक धागा आपल्या वर्गातल्या एका बाकापर्यंत येतो. तो शेवटी सांगेन.

सुरुवात आपल्या विज्ञानाच्या बाईंपासून. बाई समोर बसल्या आहेत, म्हणून जरा भीत भीत सांगते. आठवीत बाईंनी टेबलावर परात ठेवली, परातीत पाणी, मधोमध मेणबत्ती, आणि पेटत्या मेणबत्तीवर काचेचा पेला उपडा घातला. मेणबत्ती विझली, पाणी पेल्यात वर चढलं. बाई म्हणाल्या, हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. आपण सगळ्यांनी आकृती काढली. मला दहापैकी नऊ मिळाले होते.

बाई, तो प्रयोग जगभरच्या शाळांमध्ये तसाच शिकवला जातो, आणि त्याचं कारण जगभर तसंच चुकीचं सांगितलं जातं. पाणी चढतं ते मुख्यतः पेल्यातली तापलेली हवा ज्योत विझल्यावर थंड होऊन आकसते म्हणून. आणि मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यातला ऑक्सिजन संपलेला नसतो. बाहेरच्या हवेत तो सुमारे २१ टक्के. पेल्यात तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत मान टाकते. म्हणजे बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतो, फक्त ज्योतीला तो पुरत नाही.

(इथे बाईंनी हात वर करून सांगितले, "मग तुझा एक मार्क मी बरोबरच कापला होता." हशा.)

हे मी उगाच उकरून काढत नाही. आपल्या मनात लहानपणापासून एक गोष्ट घट्ट बसली आहे: ऑक्सिजन म्हणजे जीव, आणि दिवा विझतो तिथे जीव जगत नाही. विहिरीत उतरण्याआधी, धान्याचं पेव उघडल्यावर, गावात आधी कंदील सोडत. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. माणसापुरतं ते शहाणपण ठीकच होतं, जरी विषारी वायू असेल तर नुसत्या कंदिलावर भरवसा ठेवू नये. मग करोनाच्या दोन वर्षांत आपण सगळे ऑक्सिजनचे आकडे पाठ करायला शिकलो. बोटाला चिमटा लावायचा, पंच्याण्णव आलं की हायसं, नव्वदच्या खाली आलं की सिलिंडरसाठी फोन. आपल्यातल्या काहींनी त्या फोनांमध्ये माणसं गमावली. त्यामुळे "कमी ऑक्सिजन चांगला" असं मी म्हटलं तर तुम्हाला ते वेडेपणाचं वाटेल. म्हणून आधी शरीरात ऑक्सिजन कसा वाटला जातो ते पाहू.

साक्री तालुक्यातल्या मंडळींना पांझरेवरची फड पद्धत सांगायला नको. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चाऱ्या, आणि पाटकरी ठरवून पाणी देणार. कोणत्या फडात ऊस आणि कोणत्या फडात कमी पाण्याचं पीक, हे ठरलेलं. शरीरातही असाच पाट आहे. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. फुप्फुसाच्या कोषांत पोहोचेपर्यंत तो १३-१४ टक्क्यांवर येतो. शुद्ध रक्तात १३ टक्क्यांच्या आत. शरीरभर फिरून परत आलेल्या रक्तात साधारण ५ टक्के. आणि हाडांच्या पोकळीत, अस्थिमज्जेत, म्हणजे बोनमॅरोमध्ये, १ ते ४ टक्क्यांच्या घरात. ऑक्सिमीटरचा पंच्याण्णव हा आकडा वेगळा आहे बरं का. तो सांगतो की रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती जागा भरल्या आहेत. मी सांगते ते टक्के म्हणजे, त्या ठिकाणची पेशी जणू किती ऑक्सिजन असलेल्या हवेशी बरोबरीत आहे, त्याचं माप.

आता गंमत बघा. ज्योत १६ टक्क्यांना विझते. आणि आपल्या रक्ताची सगळी बीजं त्याच्या दहाव्या हिश्शाएवढ्या ऑक्सिजनमध्ये जन्मभर राहतात. २०१४ साली जिवंत उंदराच्या मज्जेत सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्सिजन थेट मोजला गेला. काही कोपऱ्यांत तो दीड टक्क्याच्याही खाली निघाला. आणि हे सगळं रक्तवाहिन्यांच्या दाट जाळ्यात! म्हणजे पाणी येत नाही असं नाही. तिथल्या गर्दीच्या पेशी ते लगेच पिऊन टाकतात.

ही बीजं म्हणजे मूळपेशी. आपल्या शरीरात दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. त्या सगळ्यांचं मूळ मज्जेतल्या थोड्याशा मूळपेशींत. मूळपेशीला दोन कामं येतात. एक, आपल्यासारखीच दुसरी मूळपेशी तयार करणं. दोन, वेळ आली की तांबडी पेशी, पांढरी पेशी, रक्तकणिका अशा वेगवेगळ्या वाटांना जाणारी संतती देणं. जळगावच्या मित्रांसाठी सांगायचं तर केळीच्या बागेतले मुनवे आठवा. एक मुनवा बाग पुढे चालवतो, बाकीच्यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवता. टोरांटोच्या टिल आणि मॅकलक यांनी १९६१ साली उंदरांवरच्या प्रयोगात दाखवून दिलं की मज्जेत अशा पेशी खरोखर असतात. भारतात पहिलं अस्थिमज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. तेव्हा आपण प्राथमिक शाळेत होतो.

आणि शरीराबाहेर पेशी वाढवणं हे खानदेशाला नवं नाही. बसराई आणि श्रीमंतीचे कंद लावणाऱ्या आपल्या वडिलांच्या पिढीनंतर ग्रँड नैनची टिश्यू कल्चरची रोपं आली. जळगावच्या जैन इरिगेशनमुळे हा शब्द बांधाबांधावर पोहोचला. केळीच्या कोंबाच्या टोकाशी असलेला वाढीचा भाग घेऊन बाटलीत वाढवायचा आणि त्यातून हजारो सारखी रोपं काढायची. तो वाढीचा भाग म्हणजे वनस्पतीच्या मूळपेशींचंच घर. आमचं काम त्याचं चुलतभावंड आहे; फक्त प्राण्यांच्या पेशी जास्त नखरेल.

प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचा इतिहास १९०७ पर्यंत मागे जातो. रॉस हॅरिसनने बेडकाच्या गर्भातला मज्जातंतू शरीराबाहेर वाढताना पाहिला तेव्हापासून. पुढे इन्क्युबेटर नावाची उबदार पेटी आली. तापमान ३७ अंश, भरपूर दमटपणा, आणि आम्लता सांभाळायला ५ टक्के कार्बन डाय-ऑक्साइड. तापमान शरीराचं घेतलं, मीठ शरीराचं घेतलं, साखर शरीराची घेतली. ऑक्सिजन मात्र खोलीतल्या हवेचा. का? कारण तो फुकट होता आणि आपोआप येत होता. बाष्प आणि कार्बन डाय-ऑक्साइड यांची जागा वजा केली तर पेटीत तो साडेअठरा टक्क्यांच्या आसपास राहतो. म्हणजे मज्जेतली पेशी, जिला दोन-तीन टक्क्यांची सवय, तिला आम्ही सहा ते नऊ पट ऑक्सिजनमध्ये बसवलं आणि वर या स्थितीला "सामान्य" असं नाव दिलं! शेवटच्या फडातल्या हरभऱ्याला उसाचं पाणी देऊन मग म्हणायचं, पीक पिवळं का पडलं?

पीक पिवळं पडतच होतं. १९७७ साली पॅकर आणि फ्युर यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की माणसाच्या पेशी १० टक्के ऑक्सिजनमध्ये ठेवल्या तर त्या जास्त पिढ्या वाढतात, उशिरा म्हाताऱ्या होतात. फार कोणी लक्ष दिलं नाही. २००३ साली कॅलिफोर्नियातल्या ज्युडिथ कॅम्पिसी यांच्या गटाने उंदराच्या पेशींबद्दल दाखवलं की त्या डब्यात लवकर थकतात याचं मोठं कारण ऑक्सिजन आहे. ३ टक्क्यांत ठेवल्या तर त्या वाढत राहतात. २००५ साली मानवी भ्रूणाच्या मूळपेशींवर प्रयोग झाले. या पेशी कोणत्याही अवयवाची पेशी बनू शकतात, पण डब्यात नको तेव्हा भलत्याच वाटेला लागतात. ३ ते ५ टक्के ऑक्सिजनमध्ये ही भरकट कमी झाली. आणि २००९ साली जपानचे यामानाका, ज्यांना पुढे २०१२ चं नोबेल मिळालं, त्यांच्या गटाने दाखवलं की साध्या पेशीला पुन्हा मूळपेशी बनवण्याचं काम ५ टक्के ऑक्सिजनमध्ये जास्त चांगलं होतं.

असं का होतं? दोन कारणं. पहिलं सोपं आहे. ऑक्सिजन हा लोखंडाला गंज चढवणारा, कापलेलं सफरचंद काळं करणारा वायू आहे. पेशीत त्याच्यापासून काही उपद्रवी रेणू तयार होतात, ते डीएनएला इजा करतात. थोड्यांचा बंदोबस्त पेशी करते. पूर आला की हात टेकते. मज्जेतली मूळपेशी तर ऊर्जेसाठीही ऑक्सिजनवर फार अवलंबून राहत नाही. ती साखर अर्धवट मोडून थोडक्यात भागवते. काटकसरीचा संसार आहे तो. मोठा चुलाच पेटवायचा नाही, म्हणजे धूरही कमी.

दुसरं कारण जास्त सुंदर आहे. पेशीला ऑक्सिजन मोजता येतो. प्रत्येक पेशीत एक प्रथिन सतत तयार होत असतं, त्याचं नाव हिफ. ऑक्सिजन भरपूर असेल तर काही विकरं ऑक्सिजनच वापरून हिफवर खूण करतात, आणि खूण झालेलं हिफ काही मिनिटांत मोडून टाकलं जातं. ऑक्सिजन कमी झाला की खूण करायला साहित्यच नाही. हिफ साठतं, पेशीच्या केंद्रकात जातं आणि कमी ऑक्सिजनमध्ये जगायला लागणारी अनेक जनुकं चालू करतं. गावात रोज एक निरोप्या निघतो आणि वेशीवर रोज त्याला अडवलं जातं. ज्या दिवशी वेशीवर पहारेकरी नाही, त्या दिवशी निरोप आत पोहोचतो. हा शोध लावणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. मूळपेशीसाठी कमी ऑक्सिजन म्हणजे नुसती टंचाई नाही. तो एक निरोप आहे: तू घरी आहेस, शांत राहा, तुझी वेळ अजून आलेली नाही.

मग उपाय सोपा वाटतो. पेटीतला ऑक्सिजन कमी करा. आमच्याकडे त्यासाठी नायट्रोजनची टाकी जोडतात. नायट्रोजन सोडला की ऑक्सिजन बाहेर ढकलला जातो, आणि पडद्यावर ३ हा आकडा दिसतो. पण हा आकडा पेटीतल्या हवेचा. पेशी असते डब्याच्या तळाला, वर दोन-तीन मिलिमीटर द्रव. त्या द्रवातून ऑक्सिजन फार सावकाश खाली उतरतो. पेशी दाट झाल्या तर तळाला त्याहून कितीतरी कमी पोहोचतो. पाटकऱ्याच्या वहीत पाणी सोडल्याची नोंद असते, पण शेवटच्या वाफ्यात ते किती पोहोचलं हे वाफ्यात जाऊनच बघावं लागतं.

आणि दार उघडलं की सगळंच ओमफस. पेटी पुन्हा ३ टक्क्यांवर यायला वेळ लागतो, पण हिफ तर काही मिनिटांतच मोडतं. म्हणजे दिवसातून चार वेळा दार उघडणाऱ्या माणसाने "मी कमी ऑक्सिजनमध्ये पेशी वाढवल्या" असं म्हणू नये. मी स्वतः म्हणत होते. माझ्या उमेदवारीच्या काळात एका दिवाळीच्या सुट्टीत नायट्रोजनची टाकी संपली. पाडव्याच्या दिवशी मी धुळ्यात आईच्या हातचे अनरसे खात होते, आणि तिकडे पेटीतला काटा हळूहळू वर चढत होता. परत गेले तेव्हा पेशी मेलेल्या नव्हत्या. मेल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण मग कळलं असतं. त्या छान पसरलेल्या, तरतरीत दिसत होत्या; फक्त मूळपेशी राहिल्या नव्हत्या. पाच महिन्यांचं काम होतं. पेशीचं बाहेरचं रूप पाहून आत काय झालंय ते सांगता येत नाही, हा धडा मी त्या दिवशी शिकले. तो पुढे मला वेगळ्याच ठिकाणी उपयोगी पडला.

२०१५ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातल्या हॅल ब्रॉक्समायर यांच्या गटाने तर सांगितलं की उशीर डब्यात नाही, त्याच्याही आधी होतो. मज्जा किंवा नाळेचं रक्त काढल्याबरोबर ते हवेला लागतं, आणि तेवढ्यानेच मूळपेशींना धक्का बसतो. त्यांनी उंदराची मज्जा आणि माणसाच्या नाळेचं रक्त हे सगळं पहिल्यापासून ३ टक्के ऑक्सिजनमध्येच हाताळलं, तर हाती लागलेल्या खऱ्या मूळपेशींची संख्या काही पटींनी वाढली. म्हणजे आजवर आपण जेवढ्या मोजत होतो, त्या धक्क्यातून वाचलेल्या होत्या.

आपल्या पुण्यातही या वाटेवर चांगलं काम झालं आहे. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे, ज्याला सगळे एनसीसीएस म्हणतात. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारी ती जणू बियाणे पेढी. तिथे डॉ. ललिता लिमये आणि डॉ. वैजयंती काळे यांनी रक्ताच्या मूळपेशी गोठवून ठेवण्यावर अनेक वर्षं काम केलं. गोठवण्याच्या द्रावणात ट्रेहॅलोज नावाची साखर आणि कॅटलेज हे विकर घातलं तर वितळल्यावर चांगल्या पेशी जास्त मिळतात, असं त्यांनी २००१ च्या सुमारास दाखवलं. कॅटलेजचं काम काय? ऑक्सिजनपासून तयार झालेला हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणं. म्हणजे शत्रू तोच, मोर्चा दुसरा.

आता एक सावधगिरी. यावरून "ऑक्सिजन जितका कमी तितकं चांगलं" असा उलटा समज करून घेऊ नका. शून्यावर नेलं तर मूळपेशीही मरते. हृदयाची, मेंदूची तयार पेशी भरपूर ऑक्सिजन मागते. तो काही मिनिटं तुटला तर काय होतं हे आपण जाणतो. आणि कर्करोगाची गाठ हाच हिफचा निरोप चोरून स्वतःसाठी रक्तवाहिन्या मागवते. प्रत्येक पेशीला तिच्या घरचा ऑक्सिजन द्यायचा, एवढंच सूत्र आहे.

आता आपल्या वर्गातल्या त्या बाकाबद्दल.

मुलांच्या रांगेत, खिडकीजवळच्या शेवटून दुसऱ्या बाकावर पिंपळनेरकडून आलेला आपला एक मित्र बसायचा. वसतिगृहात राहायचा. गणितात हुशार, पण थंडीत हमखास गैरहजर. कवायतीच्या तासाला दोन फेऱ्या मारल्या की गुडघे धरून बसायचा. आपण त्याला काय म्हणायचो ते तुम्हाला आठवत असेल. मीही म्हणायचे, मुलींच्या रांगेतून, मोठ्याने. नववीच्या दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. आपण पुढे गेलो.

तीन वर्षांपूर्वी आपल्या गटात कोणीतरी त्याचा नंबर टाकला. मी फोन केला. तो म्हणाला, "आळशी नव्हतो गं मी. मला सिकलसेल होता. मलाही ते पंचविसाव्या वर्षी कळलं."

सिकलसेल म्हणजे काय? हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी एक अमिनो आम्ल बदललेलं. एवढीच चूक, आईकडूनही आलेली आणि वडिलांकडूनही. ऑक्सिजन असतो तोवर ते हिमोग्लोबिन नीट वागतं. ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दांड्यासारखे होतात, आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, धावपळ, पाणी कमी पडणं, यांपैकी काहीही झालं की हाडांत असह्य कळा. सामान्य तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवस. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार घराघरांत आहे. आपण ज्याला आळस म्हणत होतो, ते त्याच्या हाडांमध्ये घडणारं ऑक्सिजनचं गणित होतं. कवायतीच्या दोन फेऱ्या आपल्यासाठी दोन फेऱ्या होत्या. त्याच्यासाठी आठवडाभराचं अंथरूण.

त्याच्या मुलीलाही हा आजार आहे. त्याच फोनवर त्याने मला विचारलं, "तुम्ही पेशी वाढवता ना? एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याचा माणूस घरी आलाय. स्टेम सेलची इंजेक्शनं आहेत म्हणतो. दोन एकर काढावी लागेल. काढू का?" आणि त्याने माहितीपत्रकाचा फोटो पाठवला. त्यात माझेच शब्द होते. "कमी ऑक्सिजनमध्ये वाढवलेल्या, अधिक शक्तिशाली मूळपेशी." मित्रांनो, ज्या विषयात आयुष्य घातलं, तो असा कोणाची जमीन काढून घेण्यासाठी वापरलेला पाहून मला त्या रात्री झोप लागली नाही.

मी त्याला जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते, कारण उद्या असा माणूस तुमच्या दारात गुडघेदुखीसाठी, मधुमेहासाठी, मतिमंद नातवासाठी येईल. नाळेतून किंवा चरबीतून काढलेल्या त्या पेशी रक्त तयार करणाऱ्या नव्हेत. त्या कितीही चांगल्या ऑक्सिजनमध्ये वाढवा, त्यांपासून तांबडी पेशी होणार नाही. हरभऱ्याला पाणी नीट दिलं म्हणून त्याला केळी लागत नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं मूळपेशींचं रोपण सोडलं, तर बाकी सगळा वापर हा अजून प्रयोग आहे. प्रयोग म्हणून तो मंजुरी घेऊनच करायचा, आणि त्याचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत. पैसे मागितले, तिथेच उत्तर मिळालं.

खरा उपाय आहे, तो म्हणजे जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जेचं रोपण. सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मुलीच्या भावाची मुंबईत तपासणी झाली. जुळला नाही. मी तुम्हाला गोड शेवट सांगायला आले नाही. पण जमीन शाबूत आहे. मुलगी हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी नियमित घेते, कळा येण्याचं प्रमाण बरंच कमी झालं आहे, आणि ती कॉलेजात जाते. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत एका नव्या उपचाराला मान्यता मिळाली. रुग्णाच्याच मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांचं एक जनुक बदलायचं आणि परत द्यायच्या. किंमत बावीस लाख डॉलर. आज ती आपल्या कोणाच्याच आवाक्यात नाही. पण त्या पेशी शरीराबाहेर असतात ते दिवस, तेव्हा त्या किती टिकतात, किती वाया जातात, यावर अशा उपचाराचा खर्च आणि यश दोन्ही अवलंबून आहे. आमची ती नायट्रोजनची टाकी, तो ३ चा आकडा, तो तिथे उपयोगी पडणार आहे. कधी, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्या मुलीला मी वर्ष सांगितलेलं नाही.

पण एक काम आजच होण्यासारखं आहे. १ जुलै २०२३ पासून सरकारची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचं उद्दिष्ट. बोटातून थेंबभर रक्त, एवढीच पहिली पायरी. आपल्यातले कितीतरी जण आज मुख्याध्यापक आहेत, ग्रामसेवक आहेत, तलाठी आहेत, दोघं-तिघं डॉक्टर आहेत. आपापल्या शाळेत, गावात तपासणी झाली की नाही ते विचारा. लग्न ठरवताना पत्रिकेसोबत हा कागदही बघायला सांगा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलामागे चारात एक धोका असतो. आणि थंडीत गैरहजर राहणाऱ्या, दोन फेऱ्यांत गुडघे धरून बसणाऱ्या पोराला काही म्हणण्याआधी त्याची तपासणी करून घ्या.

मी म्हटलं होतं ना, पेशीचं बाहेरचं रूप पाहून आत काय झालंय ते सांगता येत नाही. पोराचंही येत नाही.

तो आपला मित्र आज आला आहे. मागच्या रांगेत, खिडकीजवळ, जुन्या सवयीने. हे सगळं त्याच्या परवानगीने सांगितलं. नाव घेऊ नको म्हणाला, म्हणून घेतलं नाही. पण फोनवर जे बोलता आलं नाही ते या हॉलमध्ये, जिथे आपण हसलो होतो त्याच लोकांसमोर बोलते. भाऊ, आमचं चुकलं. माझं चुकलं.

बाई, सर, तुम्ही शिकवलेल्या एका प्रयोगाचं कारण चुकीचं निघालं. पण तुम्ही परात मांडून, मेणबत्ती पेटवून, "बघा, काय होतंय ते आधी बघा" असं म्हणायला शिकवलंत. ते "आधी बघा" मला चाळीस वर्षं पुरलं आहे. फक्त माणसांच्या बाबतीत ते वापरायला मला फार उशीर झाला.

जेवण तयार आहे असा निरोप आला आहे. शेवभाजी निवली की मजा जाते.